काकांच्या दातांवरची फाइल

ती. वन्सं यांना,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. तुमची तब्येत, भाऊजींचा गुडघा आणि गच्चीवरच्या कुंड्या ही तिन्ही उत्तम असतील असं मी आपली धरून चालते, कारण खात्री करून घ्यायची सोय गेली तीन वर्षं राहिलेली नाही. आमच्याकडे सगळे बरे आहोत. (सगळे म्हणजे दोघंच. पण तुमचे बंधू गेला आठवडाभर चार माणसांचा गोंधळ एकटे घालताहेत, त्यामुळे घर भरल्यासारखं वाटतं.) पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तुम्ही पत्र फोडलंत, याबद्दल आधीच आभार. फोन करायचा विचार होता. पण तुम्ही उचलला नसता तर वाईट वाटलं असतं, आणि उचलला असता तर पुढे काय बोलायचं ते माझं ठरलं नव्हतं. पत्राचं बरं असतं, त्याला मध्येच कुणी तोडू शकत नाही.

तो विषय टाळून लिहिते आहे असं वाटायला नको, म्हणून एकदाच लिहून टाकते. तुम्ही तुमच्या मोठ्या सोफ्याची मापं पाठवलीत, आम्ही कव्हरं शिवून पाठवली, ती पाठीला तीन इंच तोकडी झाली. तुमचे बंधू म्हणाले, ताई मोजताना चुकली. तुम्ही म्हणालात, तुम्ही बेतताना चुकलात. (मीही मागे उभी राहून, टेप उलटी धरली असेल, अशी भर घालत होते, हे तुम्हाला फोनवर ऐकू गेलं असणारच.) एवढ्यावर दोन सख्ख्या भावंडांनी तीन वर्षं एकमेकांचा आवाज ऐकला नाही. तुम्ही दोघं एकाच आईची मुलं आहात, याला आणखी वेगळा पुरावा नको. असो. पत्राचा विषय तो नाही. विषय आहे आमचा कॉम्प्युटर.

शिवणखोलीत खिडकीशी जो कॉम्प्युटर आहे तो तुम्ही पाहिलेला आहे. माझी सगळी कव्हरं, गाद्या, पडदे त्याच्यावरच आखले जातात. गेल्या महिन्यापासून तो झोपेत कुणी दात खावेत तसा आवाज करायला लागला. कोपऱ्यावर एक कॉम्प्युटर दुरुस्तीवाले आहेत. त्यांना काहीही विचारलं तरी ते "होऊन जाईल" म्हणतात, म्हणून आम्ही त्यांना होऊन-जाईल असंच म्हणतो. त्यांनी कान लावून ऐकलं आणि सांगितलं, आतली हार्ड डिस्क म्हातारी झाली आहे, नवीन घाला, जुनीवरचं सगळं मी नवीनवर नेऊन देतो, उद्या संध्याकाळपर्यंत होऊन जाईल. इतका सरळ मामला होता. पण सरळ मामला तुमच्या भावाला सोसत नाही. हे म्हणाले, परक्याच्या हाती आपला डेटा द्यायचा नाही, मी स्वतः करीन. मी म्हटलं, अहो, आपल्या डेटात आहे काय, लोकांच्या सोफ्यांची लांबीरुंदी. त्यावर यांनी अशा नजरेनं पाहिलं की मी चहा टाकायला उठले.

मग दोन दिवस अभ्यास झाला. हे फोनवर व्हिडिओ बघत आणि वहीत टिपणं काढत. (वहीत "सावकाश" हा शब्द सात ठिकाणी अधोरेखित आहे. मी मोजला.) तिसऱ्या दिवशी आंघोळ वगैरे करून प्रत्यक्ष कामाला सुरुवात झाली. घरात मिक्सर लावायचा नाही, इस्त्री लावायची नाही, शिवणयंत्र चालवायचं नाही, मी चालताना पाय हळू टाकायचे. का, तर फायली वाटेत असताना धक्का बसायला नको. तासाभरानं मी चहा घेऊन गेले, तर पडद्यावर एक हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकत होती आणि हे तिच्याकडे, दूध उतू जाऊ नये म्हणून बघतात तसे बघत होते. सगळे फोल्डर एकेक करून नेण्यापेक्षा यांनी एक शक्कल काढली होती. माझ्या आराखड्यांचा जो प्रकार असतो त्या प्रकारच्या सगळ्या फायली कॉम्प्युटरलाच शोधायला लावल्या, सापडल्या त्या सगळ्या एका झटक्यात निवडल्या आणि नव्या डिस्कवर एका ढिगात नेऊन टाकल्या. या शक्कलीचा यांना इतका अभिमान वाटला की ती मला दोनदा सांगून झाली.

मी फक्त एवढंच विचारलं, की बाकीचं काय. म्हणजे माझा मोठा बाण, मोठी अक्षरं, मागचा फोटो. हे म्हणाले, ती सेटिंग. सेटिंग म्हणजे नुसत्या सवयी, त्या पुन्हा लागतात. फायली आल्या म्हणजे घर आलं. हे वाक्य यांनी इतक्या थाटात उच्चारलं की मला क्षणभर पटलंसुद्धा. त्यानंतर, टाकलेल्या डिस्कवरून चोर माहिती काढून घेतात असं कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं होतं म्हणून, पडद्याच्या दांड्या बसवायचं ड्रिल आणून यांनी जुन्या डिस्कला तीन भोकं पाडली. भोकं मात्र एका रेषेत आणि समान अंतरावर आहेत. या कामात यांचा हात धरणारं कुणी नाही, हे मी नेहमीच म्हणते.

आता नवी डिस्क घालून कॉम्प्युटर चालू केला. पडदा निळा, कोरा. बाण शिवणाच्या सुईच्या टोकाएवढा. अक्षरं अशी बारीक, की औषधाच्या बाटलीवरची बरी. छापायला सांगितलं तर म्हणे, कुठल्या छपाईयंत्रावर, मला तर एकही माहीत नाही. आणि यंत्र त्याच्या शेजारी हातभर अंतरावर बसलेलं. पण हे सगळं मी सोसलं असतं. खरा घोटाळा फायलींचा झाला. ढीग उघडला, तर एका खाली एक, एकशे शहाण्णव फायली. "नवीन", "नवीन १", "नवीन २", "नवीन ३", असं करत करत खाली जिन्यासारखं दिसेनासं होईपर्यंत. सगळ्यांवर तारीख एकच, त्या दिवशीची.

वन्सं, इथे मला माझी एक लबाडी कबूल करावी लागेल. मी आजवर एकाही फाइलला नाव दिलेलं नाही. कॉम्प्युटर आपण होऊन "नवीन" असं सुचवतो, मी बरं म्हणते. त्याहून मोठी लबाडी म्हणजे मी नवा आराखडासुद्धा कोरा सुरू करत नाही. जुन्या कुठल्या तरी गिऱ्हाइकाचा उघडायचा, आकडे बदलायचे आणि नवीन म्हणून ठेवून द्यायचा. तुम्ही म्हणाल, मग सापडायचं कसं. तर फोटोवरून. भाऊजींनी तुमच्या गच्चीवर आपल्या सगळ्यांचा जो फोटो काढला होता, तो माझ्या पडद्यावर मागे लावलेला होता, आणि कामांच्या फायली मी त्यातल्या माणसांवर ठेवत असे. गाद्यांची कामं मामंजींच्या पोटावर, कारण जागा ऐसपैस. पडदे सगळे आत्याबाईंच्या शालीच्या काठानं ओळीत. रोज फोन करून "झालं का" विचारणारी गिऱ्हाइकं सासूबाईंच्या कपाळावर. (गैरसमज नको, तिथे ती लगेच नजरेत भरतात म्हणून.) नावं मी कधी वाचलीच नाहीत. कुणी पाय मोडलेल्या दिवाणाचं कव्हर म्हटलं की माझा हात आपोआप आत्याबाईंच्या डाव्या कोपराकडे जाई. तुम्ही अगदी उजवीकडे उभ्या आहात, फोटो काढणाऱ्या भाऊजींना काहीतरी सुधारणा सांगायला तोंड उघडलेलं आहे. तुमच्यावर मी काही ठेवलं नाही. आधी मान म्हणून, आणि ते कव्हरांचं प्रकरण झाल्यावर हात धजावला नाही म्हणून. सगळ्या घराच्या तोंडावर फायली, तुमचा एकटीचा चेहरा मोकळा होता.

आणि तो फोटो जुन्या डिस्कबरोबर गेला. तीन भोकांपैकी एक नक्की मामंजींना लागलं असणार.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण आमच्या गळ्याशी आलं आहे ते दातांच्या डॉक्टरबाईंचं काम. त्यांच्या दवाखान्यात बाहेर बसायला एक लांब बाक आहे, तो मध्येच एका खांबाला वळसा घालून पुढे जातो. त्याची गादी आणि कव्हर येत्या गुरुवारी द्यायचं आहे. मापं मी दोन महिन्यांपूर्वी घेतली, आराखडा काढला, आणि कॉम्प्युटर असताना कागद कशाला या तुमच्या भावाच्या नियमाप्रमाणे कागद फाडून टाकला. फाइल ठेवली होती मोठ्या काकांच्या दातांवर. (फोटोत ते हसताहेत, आणि दातांच्या डॉक्टरचं काम दुसऱ्या कुठे ठेवणार.) आता काकाही नाहीत आणि दातही नाहीत. डॉक्टरबाईंकडे जाऊन पुन्हा मापं घ्या, असं तुम्ही म्हणाल. पण मापं घेतली त्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, काही चुकणार तर नाही ना. आणि मी ताठ मानेनं म्हटलं होतं, आमच्याकडे एकदा माप आलं की जन्मभराची चिंता मिटली. त्यांच्याकडे दिवसाला पन्नास माणसं येऊन त्या बाकावर बसतात. काम चांगलं झालं तर पन्नास जणांच्या बुडाला कळेल, बिघडलं तरी पन्नासांच्याच. तीन इंच तोकडं कव्हर काय करू शकतं, हे या घरात वेगळं सांगायला नको.

तेव्हा पहिला उपाय म्हणून आम्ही फोटो आठवून उभा करायचं ठरवलं. कोण कुठे उभं होतं ते कळलं की कोणतं काम कुठे होतं ते कळेल, असा विचार. (या विचारात काहीतरी कमी आहे असं मला तेव्हाही वाटत होतं, पण काय ते सापडेना.) शिवणखोलीत जमिनीवर उशा मांडल्या. मोठा लोड म्हणजे मामंजी. गोल उशी आत्याबाई. फाटकी पण टणक, ती सासूबाई. इथवर एकमत झालं आणि पुढे भांडण. मी म्हणे काका मामंजींच्या मागे, हे म्हणत शेजारी. मी म्हणे आत्याबाईंच्या पायाशी एक कुत्रा होता, हे म्हणत कुत्रा नव्हताच, ती पिशवी होती. तासभर आम्ही उशा इकडच्या तिकडे करत होतो. पण एक सांगते. यांनी सगळ्यात आधी, मी काही बोलायच्या आत, एक निळी उशी उजव्या टोकाला नेऊन उभी केली होती. ती पडत होती. यांनी ती तीन वेळा उचलून नीट टेकवली, आणि ती कोण, असं मी विचारलंही नाही. मला फार वाईट वाटलं, वन्सं.

दुसरा उपाय यांचा स्वतःचा. पेशंट म्हणून दवाखान्यात जायचं, बाहेर बसायचं आणि कुणाच्या नकळत बाक मोजून यायचं. टेप नेली तर संशय येईल म्हणून वितीनं मोजायचं. बेत तसा वाईट नव्हता. शुक्रवारी सकाळी हे गेले, बाकाच्या एका टोकाला बसले आणि वीत वीत करत सरकू लागले. वाटेत जी माणसं बसली होती त्यांना, जरा पाय पसरतो, म्हणून उठवत होते. खांबापाशी पोचून वळसा मोजायला वाकले आणि नेमका तोंडावर हात गेला. तिथली मदतनीस धावत आली. तिला वाटलं कळ असह्य झाली. सहाजणांना मागे टाकून यांना आत नेऊन खुर्चीत निजवलं. डॉक्टरबाईंनी तोंड उघडायला लावलं आणि म्हणाल्या, बरं झालं आलात, दाढेला चांगली खोलवर कीड आहे. म्हणजे करायला गेले एक आणि झालं भलतंच. दोन तासांनी हे घरी आले ते अर्धं तोंड बधिर, गाल फुगलेला, आणि आकडे विसरायच्या आत मला सांगायची घाई. तोंडातून नुसते फुगे फुटल्यासारखे आवाज. शेवटी बोटांवर दाखवलं. सतरा विती, मग खांब, मग साडेनऊ विती. मग मी यांची वीत टेपनं मोजली. तर ती पहिल्यांदा आठ इंच भरली आणि दुसऱ्यांदा, ताणून, साडेआठ. सतरा वेळा अर्धा इंच म्हणजे किती, ते तुम्ही शिक्षिका होतात, तुम्हाला सांगायला नको.

तर आज रविवार, आमची ही अशी अवस्था. मी एकेक फाइल उघडून बघायला घेतली आहे. एक उघडायला दोन मिनिटं लागतात, डिस्क नवी असून. आतून निघतात नुसत्या चौकोनात मांडलेल्या चौकटी आणि आकडे, कोणाचं काय ते ओळखायला वेळ लागतो. यांचं तोंड आता सुटलं आहे आणि ते सेटिंगविषयी चकार शब्द काढत नाहीत. भाऊजींना माझा नमस्कार, गुडघ्याला थंडी लागू देऊ नका. या पत्राबद्दल तुमच्या बंधूंना पत्ता नाही, ताईकडे काही मागायचं नाही असा या घरात नियम आहे, आणि तो कुणी केला ते तुम्हाला ठाऊक आहे. बाकी काही विशेष नाही. लोभ पूर्वी होता तेवढा तरी असू द्यावा.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. (रविवार, तिन्हीसांजेला) : बाकी काही विशेष नाही असं लिहिलं खरं, पण तुम्ही ओळखलंच असेल. तो गच्चीवरचा फोटो तुमच्याकडे असणार. भाऊजींना सांगून तेवढा फोनवर पाठवायला लावा. नियम मोडतो आहे, पण फोटो भाऊजींनी काढला, मागते आहे मी. तुम्हा दोघा भावंडांचा यात संबंध येतोच कुठे.

ता. क. दुसरा (बुधवार) : पत्र अजून टाकलेलं नाही. रविवारी तिकीट नव्हतं, सोमवारी धीर नव्हता. आता फोटोची घाई नाही. छपाईयंत्राची ओळख करून द्यायला होऊन-जाईल आले होते, त्यांना मी सगळा प्रकार सांगितला. त्यांनी हातातली वायर खाली ठेवली. मग म्हणाले, बाई, फोटो मिळाला तरी फोटोला काय माहीत की त्याच्यावर कुठे काय ठेवलं होतं. सगळी नावं नवीनच ना. वन्सं, माझ्या विचारात जे काहीतरी कमी होतं ते हेच. तासभर दोन शहाणी माणसं उशांशी भांडत होतो, आणि काका जिवंत समोर येऊन हसले असते तरी त्यांच्या दातांवर फाइल निघाली नसती. "होऊन जाईल" न म्हणता ते गेले, हे पहिल्यांदाच. फाइल मात्र काल सापडली, "नवीन १४१". खांबाचा वळसा बघितल्याबरोबर ओळखली. तुमच्या भावाचं वितीचं माप, साडेआठचा हिशेब धरला तर, बाकाला फक्त बोटभर कमी भरलं. त्यांनी ते मला चार वेळा दाखवलं.

पण फोटो पाठवाच. कारण मी यांना म्हटलं, आता फोटोचा काही उपयोग नाही, तर हे म्हणाले, तो हवाच, कोऱ्या पडद्याकडे बघवत नाही. मग माझ्या ध्यानात आलं. रोज सकाळी मी शिवणखोलीत जायच्या आधी हे कॉम्प्युटर चालू करून ठेवतात, तापायला वेळ लागतो म्हणे. काम काही करत नाहीत, नुसते दहा मिनिटं समोर बसतात. तीन वर्षं मी समजत होते की यांना यंत्राची काळजी. सगळ्या पडद्यावर एकच चेहरा मोकळा होता, तो मी वर लिहिलाच आहे.

ता. क. तिसरा (शुक्रवार) : गादी काल बसली. अगदी चपखल. डॉक्टरबाई स्वतः बसून पाहून म्हणाल्या, आता पेशंट आत यायला मागणार नाहीत. पण लिहायचं आहे ते वेगळंच. एकदा तोंड पोळल्यावर मी ठरवलं की आता प्रत्येक फाइलला नाव द्यायचं. "डॉक्टरबाईंचा बाक", "वरच्या मजल्यावरचा दिवाण", अशी नावं देत देत आज दुपारी यादीच्या तळाशी पोचले. शेवटची फाइल "नवीन" नव्हती. एकशे पंच्याण्णव नवीन, आणि सगळ्यांच्या खाली, नाव असलेली एकच. नाव होतं, "हिला दाखवू नये".

तुम्ही असता तर काय केलं असतं, तेच मी केलं. आत तुमचा सोफा होता. शेजारी यांनी लाल अक्षरांत टाइप केलं होतं : "ताईनं पाठवलेलं पाठीचं माप ३४. इथे ३१ राहिलं आहे. आधीच्या गिऱ्हाइकाचा आकडा." खाली यांनीच टाइप केलेली तारीख होती, तुमचं फोनवर भांडण झालं त्याच्या दुसऱ्या दिवसाची. वन्सं, माप तुमचं बरोबर होतं. चूक माझी होती. जुन्या आराखड्यावर आकडे बदलताना तो एक बदलायचा राहिला. यांना ते दुसऱ्याच दिवशी कळलं. तेव्हा माझं काम नुकतं सुरू झालं होतं, आणि मी रोज घोकत होते की एक जरी कव्हर माझ्या चुकीनं परत आलं तर मशीन झाकून ठेवीन. तेव्हा या माणसानं फाइल छपाईयंत्राच्या माहितीच्या फोल्डरात, मी जन्मात उघडणार नाही अशा ठिकाणी दडवली, आणि बहिणीला खोटं पाडून तीन वर्षं गप्प बसला. होऊन-जाईलच्या हाती डेटा का द्यायचा नव्हता, ते आता कळलं. आणि स्वतःच शक्कल काढून, सगळ्या फोल्डरांतून वेचून, स्वतःच्या हातानं ती फाइल माझ्या ढिगात आणून टाकली. मला आधी राग आला, मग रडू आलं, मग पुन्हा राग आला. टेप उलटी धरली असेल, असं मी म्हणाले होते. त्याची मी मनापासून माफी मागते.

ता. क. चौथा (शनिवार) : यांना तोंडावर काही विचारायचा धीर मला झाला नाही, आणि विचारलं असतं तर यांनी दाढ दुखते म्हणून सांगितलं असतं. म्हणून मी फाइल होती तिथेच ठेवली आणि नुसतं नाव बदललं : "हिने पाहिलं". आज सकाळी हे नेहमीप्रमाणे कॉम्प्युटर तापवायला गेले. दहा मिनिटांची चाळीस मिनिटं झाली. बाहेर आले, चहा घेतला, कुंडीला पाणी घातलं. मी आत जाऊन बघितलं, तर नाव होतं, "फार रागावली का". मी लिहिलं, "बरीच". मी भाजी चिरायला गेले, परत आले, तर "ताईला कोण सांगणार". मी लिहिलं, "पत्र लिहून झालंय, टाकायचंय". हे खिडकीशी उभे, मी मशीनवर, दोघांच्या मध्ये कॉम्प्युटर, आणि कुणी कुणाकडे बघत नाही.

तुमच्या सोफ्याची कव्हरं मी आज पुन्हा बेतली, पाठ चौतीस. पहिलं कापड आता मिळत नाही, हे राखाडी आहे, तुम्हाला चालवून घ्यावं लागेल. पुढच्या रविवारी घेऊन यायचं माझ्या मनात आहे. जेवणाआधी मी पुन्हा बघितलं. यांनी बऱ्याच खाडाखोडीनंतर नाव बदललं असावं, कारण अक्षरं चुकली होती, ती मी सुधारली नाहीत. सध्या त्या फाइलचं नाव आहे, "ताई घरात घेइल का". पुढे काय टाइप करायचं ते मला कळवा.